ध्वजावरचा गरुड आणि कड्यावरचा गरुड

रूपाने मोर श्रेष्ठ, गतीने हंस श्रेष्ठ आणि कंठाने कोकिळ श्रेष्ठ, असे आपले कवी शतकानुशतके सांगत आले आहेत. असे असता पक्ष्यांचा राजा कोण, म्हणून विचारले म्हणजे लहान मूलदेखील गरुडाचेच नाव घेते. ज्याचा आवाज देहाच्या मानाने अगदीच क्षीण, जमिनीवरची चाल बेढब आणि अन्न म्हणजे दुसऱ्या प्राण्याचे मांस, अशा पक्ष्यास हे सिंहासन का मिळावे, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. ही निवड आपल्या एकट्याच देशाने केली असती, तर विनतेच्या पुत्राने अमृतकुंभ आणला या कथेकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. पण ग्रीक लोकांनी आपल्या झ्यूस देवाजवळ गरुडच बसविला. रोमच्या मारियस नामक सेनापतीने इ. स. पूर्व १०४ मध्ये लांडगा, घोडा, रानडुक्कर इत्यादी जुनी निशाणे मागे सारून प्रत्येक सैन्यदलापुढे गरुडध्वज ठेवला. आणि महासागरापलीकडील ॲझ्टेक लोकांनी, ज्यांचा या दोहोंशी काडीइतकाही संबंध नव्हता, निवडुंगावर बसलेला गरुड जेथे दिसेल तेथे नगर वसवावे ही देवाज्ञा मानून इ. स. १३२५ मध्ये आजच्या मेक्सिको शहराचा पाया घातला, अशी त्यांची परंपरा सांगते.

आपल्या घरांतून तर गरुडाचे नाव नित्याचेच आहे. विष्णूच्या देवळात मूर्तीसमोर हात जोडून बसलेला गरुड आपण पाहतो. पंढरपुरास गेलेला वारकरी गरुडखांबास मिठी मारल्यावाचून पुढे सरकत नाही. घरात दुःखाचा प्रसंग आला असता गरुडपुराण वाचले जाते. आणि शिवछत्रपतींच्या १६६६ मधील आग्ऱ्याच्या सुटकेस शोभेल असा एकच शब्द मराठीस सुचला, तो म्हणजे ‘गरुडझेप’. परंतु ज्याला आपण एवढा मान देतो त्याचा संसार कसा चालतो, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असते? आणि नुसता मान दिल्याने त्याचे रक्षण होते काय? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी फार निकटचा संबंध आहे, हेच या महिन्याच्या लेखात सांगावयाचे आहे.

पुराणातील गरुड कोणत्या प्रत्यक्ष पक्ष्यावरून कल्पिला गेला, या वादात आम्ही शिरत नाही. दक्षिणेत पुष्कळ भाविक लोक तांबूस अंगाच्या व पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारीसच तो मान देतात. येथे ज्याचा परिचय करून द्यावयाचा तो सुवर्णगरुड होय. स्वीडनच्या लिनेयस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याची नोंद करताना योजलेल्या नावातही ‘सोन्याचा गरुड’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मात्र नावावरून तो सोन्यासारखा झळकत असेल अशी कल्पना कोणी करू नये. त्याचे अंग गर्द तपकिरी असते. केवळ मस्तकामागच्या व मानेवरच्या पिसांवर पिकल्या गव्हासारखी छटा असते, आणि कोवळ्या उन्हात तेवढीच उजळून निघते. नराचे वजन सुमारे ३ ते ४.५ किलो, मादीचे ४ ते ६.५ किलो, पसरलेल्या पंखांची रुंदी ६ ते ७.५ फूट. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा थोर असावयाची, हा नियम येथेही आहे. याच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात. युरोप, उत्तर आफ्रिका, आशिया व उत्तर अमेरिका एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील डोंगराळ व मोकळ्या मुलुखात त्याचे राज्य आहे. आपल्या देशात तो हिमालयात राहतो; लडाखसारख्या उघड्या, उंच प्रदेशात ससे, मार्मोट व चकोर यांवर त्याची गुजराण चालते. आपल्या सह्याद्रीत सर्पगरुड आहे, इतरही गरुड आहेत. पण सुवर्णगरुड मात्र येथला रहिवासी नव्हे.

आता त्याच्या सामर्थ्याकडे वळू. पहिले सामर्थ्य दृष्टीचे. मनुष्याच्या प्रत्येक डोळ्यात अत्यंत स्पष्ट दिसण्याचा एकच बिंदू असतो. गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात असे दोन बिंदू असतात, एक समोरचे पाहण्यास व दुसरा बाजूचे पाहण्यास. त्याची दृष्टी आपल्या दृष्टीच्या दुपटीहून अधिक तीक्ष्ण मानली जाते. डोळ्यावरून आडवी सरकणारी एक पातळ पापणी असल्यामुळे वेगाने झेपावतानाही बुबुळाचे रक्षण होते. दुसरे सामर्थ्य गतीचे. उन्हाने तापलेली हवा डोंगराच्या अंगाने वर चढते. तिच्यावर पंख पसरून गरुड तासन् तास पंख न हालविता घिरट्या घालतो आणि मग पंख मिटून खाली कोसळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी २४० किलोमीटरांच्याही पुढे जातो. तिसरे सामर्थ्य पंजाचे. मागच्या बोटाची वाकडी नखी सुमारे दोन इंच लांब असते, आणि मारण्याचे खरे काम तीच करते. चोचीचा उपयोग मागाहून फाडण्यापुरता.

या सामर्थ्याविषयी अतिशयोक्तीही फार आहे. गरुडाने पाळण्यातले मूल उचलून नेल्याच्या कथा अनेक देशांतील आज्या सांगत आल्या आहेत. २०१२ च्या डिसेंबरात कॅनडातील मॉन्ट्रिअल शहराच्या एका बागेत सुवर्णगरुड लहान मुलास उचलीत असल्याचे चलच्चित्र जगभर पसरले व लक्षावधी लोकांनी ते खरे मानले. थोड्याच दिवसांत उघडकीस आले की, ती तेथल्या विद्यार्थ्यांनी संगणकावर केलेली करामत होती. वस्तुतः स्वतःच्या वजनाहून पुष्कळ कमी भार घेऊनच हा पक्षी नीट उडू शकतो. मोठी शिकार त्यास जागच्या जागी खावी लागते. आणखी एक गोष्ट राजाच्या कीर्तीस न शोभणारी, पण खरी आहे. त्याच्या बहुतेक झेपा वाया जातात. ससा झुडपात शिरतो, पक्षी खडकाआड होतो, आणि महाराज रिकाम्या पंजाने परततात. हिवाळ्यात तर मेलेल्या जनावरावर भूक भागविण्यास त्यास मुळीच कमीपणा वाटत नाही. ही शेवटची सवय ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिनेच त्याचा घात केला.

त्याचा गृहस्थाश्रम पाहण्यासारखा आहे. नरमादीची जोडी बहुधा वर्षानुवर्षे टिकते व कित्येक चौरस मैलांचा मुलूख आपला म्हणून राखते. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर काटक्यांचे घरटे असते. एका जोडीची अशी दोन-चार घरटी असतात व ती आळीपाळीने वापरात येतात. दरवर्षी डागडुजी होऊन नवी भर पडत गेल्याने जुन्या घरट्याचा ढीग मनुष्याच्या उंचीएवढाही होतो. आत हिरव्या डहाळ्या आणून पसरण्याची हौसही आहे. विणीच्या आधी नर आकाशात वर चढतो, पंख मिटून खाली येतो, पुन्हा वर चढतो. लाटांसारखा हा खेळ ज्याने एकदा पाहिला त्याच्या तो जन्मभर स्मरणात राहतो.

मादी बहुधा दोन अंडी घालते, पण ती एकाच दिवशी नव्हे, तीन-चार दिवसांच्या अंतराने; आणि उबविण्यास सुरुवात होते ती पहिल्या अंड्यापासूनच. सुमारे सहा आठवड्यांनी थोरले पिल्लू बाहेर येते व धाकटे जन्मेपर्यंत ते बरेच बळकट झालेले असते. पुढे जे घडते ते वाचून वाचकभगिनींचे मन कळवळेल. थोरले धाकट्यास चोची मारून मारून हैराण करते, अन्नापासून दूर लोटते, आणि कित्येकदा धाकटे मरते. आई जवळच असते. ती मध्ये पडत नाही. याला क्रौर्य म्हणावे काय? आपल्या घरातील नीतीची मोजपट्टी तेथे लावता येत नाही. ज्या वर्षी ससे भरपूर त्या वर्षी दोन्ही जगतात. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी दोन अर्धपोटी पिल्लांऐवजी एक तरी सशक्त निघते. निसर्गाचा हा हिशेब कठोर आहे, पण तो हिशेबच आहे, द्वेष नव्हे. जगलेले पिल्लू दहा-अकरा आठवड्यांनी उडते. त्यानंतरही निम्म्याहून अधिक पोरे प्रौढ होण्यापूर्वीच मरतात. आणि जी वाचतात त्यांस स्वतःचा संसार थाटावयास चार-पाच वर्षे थांबावे लागते. म्हणजे या राजघराण्यात वंशवृद्धी अत्यंत मंद आहे. एक प्रौढ गरुड मारला गेला तर ती जागा भरून निघण्यास किती काळ लागेल, याची कल्पना यावरून करावी.

मनुष्याने या पक्ष्याशी दोन प्रकारचे नाते जोडले. त्यांपैकी पहिले पाहावयाचे तर मंगोलियाच्या पश्चिम टोकास, आल्ताई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बायान-ओल्गी प्रांतात जावे लागते. तेथील कझाक लोक सुवर्णगरुडास ‘बेर्कूत’ म्हणतात आणि त्यास शिकवून शिकार करणाऱ्यास ‘बेर्कूतची’. आपल्या ‘तोपची’, ‘मशालची’ या शब्दांच्या शेवटी जो तुर्की प्रत्यय आहे तोच हा होय. इतक्या दूरच्या शब्दात आपल्या ओळखीची खूण सापडते याची मौज वाटते. हे शिकारी बहुधा मादी पाळतात, कारण ती अधिक बलवान. डोळ्यांवर कातड्याची टोपी, शिकाऱ्याच्या हातात जाड हातमोजा, आणि पाचसहा किलोचे ओझे घोड्यावर तासन् तास पेलता यावे म्हणून खोगिरास टेकविलेली लाकडाची दुबेळकी, असा सारा थाट असतो. बर्फ पडल्यावर टेकडीवर चढून टोपी काढावयाची. खाली कोल्हा पळताना दिसला की गरुड झेपावतो. हे कसब बापाकडून मुलाकडे येते, आणि मुलींसही ते वर्ज्य नाही. आयशोलपान नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने २०१४ साली ओल्गीच्या गरुडोत्सवात पहिला क्रमांक मिळविला व तिच्यावर २०१६ साली चित्रपटही निघाला.

आम्हांस या परंपरेत सर्वांत मोलाची वाटते ती तिची अखेर. काही वर्षे बरोबर शिकार केल्यानंतर शिकारी त्या मादीस डोंगरावर नेतो, तिच्यापुढे मेंढीचे मांस ठेवतो आणि तिला कायमची मोकळी सोडून घरी परततो, अशी चाल आहे. तिने पुन्हा रानात जाऊन पिल्ले वाढवावीत, हा हेतू. ज्या पक्ष्याला घरच्या माणसाप्रमाणे सांभाळले, त्याला वेळीच परत देणे यात जे औदार्य आहे ते शिकारीच्या पराक्रमाहून मोठे आहे. आपल्या देशातही शिकारी पक्ष्यांची विद्या होती. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याचा ‘श्यैनिकशास्त्र’ नामक संस्कृत ग्रंथ महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्यास संपादून प्रसिद्ध केला. पक्ष्यांची जोपासना, आजार व उपचार यांचाही विचार त्यात आहे. आज मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असे पक्षी पकडणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

दुसरे नाते वैराचे. ज्या युरोपातील राजघराण्यांनी आपल्या ढालींवर गरुड कोरले, त्याच युरोपात खऱ्या गरुडाच्या मागे बंदूक, सापळा आणि विष लागले. मेंढपाळ म्हणे, तो कोकरे नेतो. शिकारीची राने राखणारा म्हणे, तो आमच्या धन्यासाठी वाढविलेले पक्षी खातो. तक्रार अगदीच खोटी नव्हती. जिवंत कोकरू तो कधीमधी नेतो. पण त्याच्या घरट्यात सापडणारी कित्येक कोकरे आधीच मेलेली असतात, हे पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून व विसाव्याच्या आरंभी आयर्लंडमधून तो नाहीसा झाला. अमेरिकेत तर १९४० नंतरच्या दोन दशकांत मेंढ्यांच्या मालकांनी लहान विमानांतून हजारो गरुड टिपले. तेथल्या कायद्याचे संरक्षण सुवर्णगरुडास १९६२ साली मिळाले. आणि मेक्सिको? ज्याच्या नाण्यानाण्यावर हा पक्षी आहे, त्या देशाच्या सरकारासच आज त्यास धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घालावे लागले आहे.

स्कॉटलंडची हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे घात झाला तो कोणाच्या मनात नसता. १९५४ च्या कायद्याने गरुडास मारण्यास तेथे बंदी झाली होती. तरीही काही वर्षांनी निरीक्षकांच्या ध्यानात आले की, पश्चिम स्कॉटलंडमध्ये घरटी आहेत, जोड्याही आहेत, पण पिल्ले नाहीत. अंडी फुटतात किंवा उबतच नाहीत. लॉकी व रॅटक्लिफ या दोघा संशोधकांनी १९६४ साली आकडे मांडले. पूर्वी शंभरांतील ७२ जोड्या पिल्ले वाढवीत असत. १९६१ ते १९६३ या काळात ते प्रमाण २९ वर आले होते. कारण शोधता शोधता ते मेंढ्यांच्या लोकरीत सापडले. गोचिडी व माश्या मारण्यासाठी मेंढ्यांस डिलड्रिन नावाच्या औषधाच्या पाण्यात बुचकळीत. ते विष लोकरीत व चरबीत मुरे. मेंढी डोंगरात मेली की गरुड तिच्यावर ताव मारी, आणि विष त्याच्या अंगात साठत जाई. १९६६ साली या औषधाचा मेंढ्यांसाठी होणारा उपयोग बंद झाला, आणि १९६६ ते १९६८ च्या पाहणीत तेच प्रमाण पुन्हा ६९ वर गेले. कोणा वीराने तलवार उपसली नव्हती. काही माणसे वर्षानुवर्षे थंडीवाऱ्यात कडे चढून घरट्यात डोकावत होती, वहीत आकडे लिहीत होती. त्या वहीने गरुड वाचविला.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून कोणी सोडून देऊ नये. जटायूच्या जातीची आपल्याकडील कथा हिच्याच जोडीची आहे. गुराढोरांच्या दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोपर्यंत काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्या सरकारने बंदी घातली. पण गिधाडांची पूर्वीची संख्या अद्यापि परतलेली नाही. रामायण घरोघर वाचले जात असताना हे घडले. कथेतल्या जटायूसाठी आपले डोळे पाणावत, आणि गावाबाहेरचा जटायू कमी होतो आहे हे पुष्कळांच्या लक्षातही आले नाही.

स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या गणनेत सुवर्णगरुडाच्या ५०८ जोड्या आढळल्या. २००३ साली त्या ४४२ होत्या. आयर्लंडमध्ये २००१ पासून स्कॉटलंडची पिल्ले नेऊन डोनेगलच्या डोंगरात सोडण्यात आली, आणि २००७ साली तेथे जन्मलेले पहिले पिल्लू घरट्यातून उडाले. परंतु वैर संपले असे नाही. २००४ ते २०१६ या काळात स्कॉटलंडमध्ये १३१ तरुण गरुडांच्या पाठीवर उपग्रहास ठिकाण कळविणारी लहानशी यंत्रे बसविली होती. त्यांपैकी ४१ पक्षी संशयास्पद रीतीने नाहीसे झाले, आणि तेही बहुतेक विशिष्ट शिकारी रानांच्या आसपास, असे २०१७ च्या सरकारी अहवालात नमूद आहे. अखेर २०२४ साली तेथल्या पार्लमेंटास अशा रानांतील पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवान्याचा कायदा करावा लागला.

मग प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? गरुडाचे आकर्षण त्याच्या हिंसेत आहे, असे आम्हांस वाटत नाही. हिंसा तर मांजरही करते, आणि तिला कोणी ध्वजावर बसवीत नाही. उंचीवरून दूरचे पाहणे, वाट पाहणे, वायफळ पंख न फडफडविणे, आणि क्षण आला की सर्व बळ एकवटून झेप घेणे, हे गुण आपल्या अंगी असावेत असे प्रत्येक पिढीस वाटत आले. म्हणून तिने गरुड निशाणावर घेतला. यात वावगे काही नाही. मात्र आपली हौस भागली म्हणजे त्या पक्ष्याचे ऋण फिटले, असे समजणे चुकीचे. ध्वजावरच्या गरुडास भूक नसते, त्याला विष बाधत नाही, त्याची पिल्ले मरत नाहीत. म्हणून त्याच्याकडे पाहून कड्यावरच्या गरुडाची हालहवाल कळत नाही.

हिमालयात जाऊन सुवर्णगरुड पाहण्याचा योग सर्वांस येईल असे नाही. पण आकाश सर्वांच्या गच्चीवर आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊदहाच्या सुमारास, ऊन तापू लागले म्हणजे, घरातील मुलामुलींस घेऊन वर पाहावे. शेपटीस खाच दिसली तर ती साधी घार; शेपटी पंख्यासारखी गोल, पंख रुंद व त्यांची टोके हाताच्या बोटांसारखी फाकलेली दिसली तर गरुड असण्याचा संभव; पंखाखाली पांढरा पट्टा आणि वरून लांब शीळ ऐकू आली तर तो सर्पगरुड म्हणावयास हरकत नाही. एक लहानशी वही करावी. तारीख, वेळ, ठिकाण व काय दिसले ते लिहून ठेवावे. आजोबांनी पाहिलेली गिधाडे कोठे बसत, हे त्यांस विचारून त्याच वहीत टिपावे. अशा वह्यांचे मोल काय असते, हे वरील हकीकतीवरून दिसलेच आहे.